गावातला सगळ्यात जुना कप

हिंगोली,
१६ नोव्हेंबर

आदरणीय भीमराज दाजी आणि आक्का यांना प्रेमानंदचा जयभीम.

तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि जिने चढू नका असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून तुम्ही मुद्दाम दिवसातून चारदा चढता, असं आक्काच्या फोनवरून कळलं. आक्काची साखर सध्या किती आहे ते मात्र तिनं सांगितलं नाही. (तिला साखरेचं विचारलं की ती चहावर जाते आणि चहाचं विचारलं की तुमच्यावर, म्हणून तुम्हालाच विचारतो.) इकडे सगळं ठीक आहे असं पत्राच्या सुरुवातीला लिहावं लागतं, म्हणून मीही लिहितो, पुढचं वाचून पटलं तर राहू द्या, नाही पटलं तर तुमच्या हातानं खोडा. आई बरी आहे. अठ्ठ्याऐंशी पूर्ण झाली. डोळे गेले, पण हातांना सगळं कळतं. परवा माझा शर्ट चाचपून म्हणाली, एक बटण दुसऱ्या रंगाचं लावलंस. होतं.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. एक तर फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. दुसरं म्हणजे माझं अक्षर तुम्हाला आवडतं, हे तुम्हीच चारचौघांत सांगितलं आहे. माझ्या लग्नात, नव्वद साली, हिंगोलीला, सगळ्या पत्रिका मी हातानं लिहिल्या होत्या. तुम्ही एक उचलून मांडवात सगळ्यांना दाखवली आणि म्हणालात, ‘अक्षर मोत्यासारखं हाय पोराचं. कणा तेवढा राहून गेला.’ मांडव हसला. ते मी केव्हाच विसरलो आहे. (त्या वेळी माझ्या हातात पेढा होता आणि तुमच्या खिशाला निळं पेन होतं, हे लक्षात आहे, पण ते सहज.)

तर या अक्षरानंच मला या खेपेला गोत्यात आणलं. आपल्या भागातून विधानसभेला नरसिंगराव अपक्ष उभे आहेत. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पहाटे चारला उठणार, सुपारीसुद्धा खाणार नाहीत, म्हातारं माणूस दिसलं की वाकून पाया पडल्याशिवाय पुढे जाणार नाहीत. मुलीच्या लग्नात डीजे वाजला म्हणून स्वतःच्याच मांडवात हे जेवले नव्हते. थोडक्यात माणूस चांगला आहे, आणि या प्रकरणातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच आहे, कारण वाईट माणसाचं काय करायचं ते तुम्ही आम्हाला शिकवलं होतं, चांगल्या माणसाचं शिकवायचं राहून गेलं. हे नरसिंगराव आमच्या संध्याच्या शाळेचे अध्यक्ष. आक्काची ही भाची नऊ वर्षं तिथं विज्ञान शिकवते आहे, तुटपुंज्या मानधनावर, आज कायम होईल उद्या कायम होईल म्हणत. तिच्याबरोबर लागलेल्या दोघी वाट पाहून कंटाळल्या आणि एक पार्लर चालवते, एक दुबईला गेली. (संध्या म्हणते, वाट पाहणं हे बल नव्हे, त्यानं कुठलीच वस्तू हलत नाही.) दिवाळी झाल्याबरोबर नरसिंगरावांनी मला वचननामा लिहायला बोलावलं आणि सांगितलं की संध्याची ऑर्डर मतदानाआधी स्वतः तुमच्या घरी आणून देईन. मी घरून पेन घेऊनच गेलो होतो.

त्यांच्या प्राधान्यांची यादी अकरा मुद्द्यांची होती आणि क्रम त्यांच्या डोक्यात पक्का होता. रस्ता अकराव्या नंबरला. (जुन्या काळी रस्ते नव्हते म्हणून माणसं एकमेकांकडे मुक्कामाला राहत, असं त्यांचं म्हणणं, आणि सेनगावच्या बाजूच्या काही रस्त्यांवर अजूनही मुक्कामच करावा लागतो, त्यामुळे मला वाद घालता आला नाही.) सोयाबीनचा भाव नववा. डीजेबंदी तिसरी. दुसऱ्या नंबरला घरातल्या वडीलधाऱ्यांचा शब्द. आणि पहिला मुद्दा, मोठ्या अक्षरात: गावाची जुनी घडी पुन्हा बसवू. ते डोळे मिटून सांगत होते आणि त्यांना काय दिसत होतं ते मलाही दिसत होतं. पारावर बसलेली म्हातारी माणसं आणि त्यांचं ऐकणारे तरणे. दिवे लागायच्या आत घरी परतलेली लेकरं. ज्वारीची भाकरी. वाक्याच्या शेवटी त्यांनी सांगितलं, ‘तेव्हा प्रत्येकाला आपापली जागा ठाऊक होती,’ आणि मी ते तसंच उतरवून घेतलं. ‘जागा’ या शब्दातला एक काना जरा लांबला, एवढंच. छापताना तो त्यांनी सरळ करून घेतला.

निवडणुकीचं चिन्ह मिळालं कपबशी. आता पुढची कल्पना कुणाची, हे लिहिताना मला लाज वाटते, पण कल्पना माझीच. मी म्हणालो, साहेब, आपण जुन्या दिवसांबद्दल बोलतो आहोत, चिन्ह कपबशी आहे, तर प्रत्येक गावात सभेआधी त्या गावातल्या सगळ्यात जुन्या कपातून चहा प्या. गावकरी स्वतः कप शोधून आणतील, फोटो निघेल, म्हाताऱ्यांना बरं वाटेल. नरसिंगरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली. (त्या वेळी ते मला हात लावत होते, हे नोंदवून ठेवतो.) आणि शुभारंभ कुठून, तर गुरुजींच्या (म्हणजे माझ्या, ते मला गुरुजी म्हणतात) गावापासून. म्हणजे आपल्या.

गावातल्या त्या चहाच्या हॉटेलापाशी एकोणऐंशीच्या दिवाळीत काय झालं हे तुम्हाला सांगायला नको, पण मी चौदा वर्षांचा होतो आणि मला ते माझ्या बाजूनं आठवतं. नवा जावई आला म्हणून बाबा धुतलेलं धोतर नेसले आणि तुम्हाला चहा पाजायला घेऊन गेले. आपल्या लोकांचे कप आत नसत. बाहेर वळचणीला पाच खिळे होते, पाच खिळ्यांना पाच कप, एकालाही बशी नाही. बाबांनी दोन काढले, विसळले, तुमच्या हातात एक दिला आणि हसत हसत उकिडवे बसले. हॉटेलवाल्यानं किटली हातभर उंच धरून वरून चहा ओतला. तुम्ही तो चहा जमिनीवर ओतून दिला, कप पायरीच्या दगडावर आपटला, मग एकेक करून बाकीचे. त्याच दिवशी आक्काला घेऊन गेलात ते आजतागायत गावात पाय ठेवला नाही. भीमराज जावयानं पाचही कप फोडले, हे आपल्या वस्तीत अजून लेकरांना सांगतात.

तर गेल्या आठवड्यात त्याच हॉटेलापुढे आमची जीप थांबली. हॉटेल आता त्या माणसाचा नातू जळबा चालवतो. चांगला पोरगा आहे, आत-बाहेर काही नाही, मलाही काचेच्या ग्लासात आतच चहा देतो. जुना कप शोधायला गाव पांगलं आणि रिकाम्या हातानं परत आलं. चाळीस वर्षांपूर्वीचा कप कुणाकडे राहणार? रोजच्या वापरातला कप फुटतोच. मग जळबाला काहीतरी आठवलं. तो स्टुलावर चढला, वळचणीच्या पत्र्याखाली हात घातला आणि गंजक्या खिळ्यावरून एक कप काढून खाली आला. पांढरा, कडेची निळी रेघ अर्धी गेलेली, कानाजवळ नखाएवढा टवका उडालेला. आज्याच्या वेळचा हाय, म्हणाला, कुणी हातच लावला न्हाई त्याला. सगळे हरखले. गावातला सगळ्यात जुना कप तोच असणार होता, कारण त्याला दुसऱ्या कुणी कधी हात लावलेला नव्हता, आणि हे कळणारा त्या गर्दीत मी एकटाच होतो. (तुम्ही पाचही फोडल्यावर हा कुठून उगवला, ते मात्र मलाही कळत नव्हतं.) नरसिंगरावांनी बशी मागितली, चिन्ह पूर्ण दिसावं म्हणून. बशी नव्हती. त्यांनी तसाच चहा घेतला, फोटो निघाला, आणि मी संध्याच्या ऑर्डरचा विचार करत गप्प उभा राहिलो. जळबानं कप परत खिळ्याला अडकवला, हे मी जीपमधून पाहिलं.

दुसरं गाव सेनगावच्या अलीकडचं. तिथं एक म्हातारी पदराखाली झाकून कप घेऊन आली, सासूच्या हातचा आहे म्हणाली. पांढरा कप, निळी रेघ अर्धी गेलेली, कानाजवळ नखाएवढा टवका. मी स्वतःची समजूत घातली की त्या काळी कप एकाच कारखान्यातून येत असतील आणि एकाच जागी फुटत असतील. (संध्याला विचारलं तर तीही म्हणाली की कान जोडलेली जागा कच्ची असते, टवका तिथंच उडणार. विज्ञानानं मला एक दिवस झोप लागली.) तिसऱ्या गावात देवळाच्या पुजाऱ्यानं आणला. चौथ्या गावात एका निवृत्त हवालदारानं पेटीतून, फडक्यात गुंडाळलेला. आमचे ड्रायव्हर खाजा मिया, साठीचे गृहस्थ, सात निवडणुकांत जीप चालवलेले, त्यांनी त्या दिवशी गाडी चालू करायच्या आधी किल्ली तशीच हातात धरली आणि मला हळूच म्हणाले, ‘कप तोच हाय गुरुजी. गावंच बदलून राह्यली.’

खाजा मिया व्यवहारी माणूस. जीपचं पत्र्याचं काम ते स्वतःच करतात, त्यामुळे हिरव्या ऑइलपेंटचा डबा सीटखाली असतोच. वारंगा फाट्याला भर दुपारी सभा झाली, तिथल्या एका दुकानदारानं मोठ्या अभिमानानं कप आणून दिला, आणि नरसिंगराव भाषणाला उभे राहिल्यावर खाजा मियांनी कपाच्या बुडाला रंगाचा एक ठिपका लावला. मग मला म्हणाले, आता तुमच्या जळबाला फोन लावा. मी लावला. म्हटलं, सहज विचारतो, तो कप आहे ना जागेवर? तो बघून येतो म्हणाला. स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग जळबा जरा नाराजीनंच म्हणाला की कप खिळ्यालाच आहे, पण त्याच्या बुडाला हिरवा रंग काहून लावला, आणि लावला तर वाळू तरी द्यायचा, त्याच्या बोटाला लागला. इकडे वारंग्याला तोच कप माझ्या समोर टेबलावर होता. मी फोन ठेवला. खाजा मियांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि त्या दिवसापासून ते आमच्याबरोबर चहा घेत नाहीत, तकलीफ होते म्हणतात.

दाजी, इथपर्यंत वाचून तुम्ही हसत असाल, आणि हसा, कारण मीही त्या संध्याकाळी घरी येऊन हसलो. खरी गोष्ट पुढं सुरू झाली. कळमनुरीच्या बाजूच्या एका गावात चहावाल्यानं नरसिंगरावांच्या कपात चहा ओतताना किटली हातभर वर धरली. चहा उडाला, पांढऱ्या धोतरावर डाग पडले. चहावाला ओशाळला, माफी मागितली, म्हणाला हात कसा वर गेला कळलंच नाही. पुढच्या गावातही तसंच झालं, पण तिथं कुणी ओशाळलं नाही. त्याच्या पुढच्या गावात नरसिंगरावांनीच कप दोन्ही हातांनी जरा खाली धरला, म्हणजे बराबर धार पडावी. हळूहळू हार गळ्यात घालायच्या ऐवजी लांबून टाकू लागले. सतरंजीवर त्यांच्या बाजूची जागा रिकामी राहू लागली. जीपमध्ये सहा कार्यकर्ते मागे कोंबून बसतात आणि पुढची सीट, त्यांच्या शेजारची, मोकळी असते. कुणी रागावलेलं नाही, कुणी अपमान करत नाही. घोषणा तर आधीपेक्षा मोठ्यानं देतात, आणि आकडेमोड करणारे सांगतात की मतं वाढली आहेत. काही बदललं आहे हे कुणाच्या लक्षातच येत नाही, त्यांच्याही नाही. जवळा बाजारला भर बाजाराच्या दिवशी मी त्यांच्या मागून चालत होतो. ऊन तिरपं होतं. समोरून माणसं आली की नरसिंगराव वाट सोडून कडेला होत होते, आणि का होत होते ते मला चार दुकानं ओलांडल्यावर कळलं. ते आपली सावली कुणाच्या अंगावर पडू नये म्हणून सांभाळत होते.

चहा पिऊन झाला की ते आता कप स्वतः विसळतात. मग वळचण शोधतात. ही सगळी कवायत मला पाठ होती, दाजी. कुठं उभं राहायचं, कप किती खाली धरायचा, चूळ कुठं टाकायची, हसायचं किती. बाबा हे रोज करायचे. नरसिंगरावांना हे कुणी शिकवलेलं नाही, उलट त्यांच्या घराण्यात शिकण्यासारखं हे काही नव्हतंच, आणि तरी एकही चूक होत नव्हती. वचननाम्यातला पहिला मुद्दा निवडणुकीआधीच अमलात येऊन राहिला होता, फक्त घडी बसताना माणूस बदलला होता. मी त्यांना सांगायला पाहिजे होतं. दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा संध्याची ऑर्डर आठवली आणि मी त्यांच्या भाषणात एक स्वल्पविराम सुचवला.

आणि काल दुपारी तीन वाजता ते आमच्या घरी आले. एकटेच, चालत. संध्यानं ओसरीवर खुर्ची टाकली. ते खुर्चीकडे पाहत हसले आणि खालच्या पायरीवर उकिडवे बसले. खिशातून ऑर्डर काढली, संध्यानं हात पुढं केला तर हात मागे घेतला, ऑर्डर पायरीवर ठेवली आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून वर दगड ठेवला. मग शबनम पिशवीतून तो कप काढला, बुडाला हिरवा ठिपका असलेला. आई आत बाजेवर होती. आक्कानं वास्तूला दिलेली स्टीलची किटली घेऊन मी बाहेर आलो आणि म्हटलं, साहेब, आत या, आपण आत बसून घेऊ. मी हे म्हटलं, दाजी, संध्या साक्षीला आहे. त्यांनी मान हलवली, कप दोन्ही हातांनी खाली धरला आणि अगदी नम्रपणे म्हणाले, ‘गुरुजी, वरून वता.’

मी ओतला. हातभर उंचावरून. एक थेंब बाहेर सांडला नाही, एवढा नीट ओतला. हे पत्र कितीही लांबवलं तरी हे वाक्य येणारच होतं, म्हणून लिहून टाकतो: मला बरं वाटलं. बाबांच्या सगळ्या सकाळी एकदम आठवल्या आणि छातीत काहीतरी मोकळं झालं, आणि तो माणूस पायरीवर बसून हसत हसत फुंकर मारून चहा पीत होता, तेव्हा मी त्याच्या टाळूकडे पाहत राहिलो आणि मनात म्हटलं, अजून अर्धा कप देतो. दिला. त्यांनी प्यायला, नळावर कप विसळला, दाराशेजारी जिथं आम्ही लाइटबिल अडकवतो त्या खिळ्याला लावला, आणि हात जोडून निघून गेले. जाताना त्यांनी सावली सांभाळली.

बाकी विशेष काही नाही. गुडघ्याला तेल लावत जा. आक्काला गोड कमी द्या, आणि तिनं मागितलं तर तुम्ही खाऊ नका, म्हणजे तीही खाणार नाही.

आपला मेहुणा,
प्रेमानंद

ता. क. – पत्र लिहायचं मूळ कारण लिहायचं राहिलंच. ऑर्डरबरोबर नरसिंगरावांची एक लहानशी अपेक्षा आहे. आपल्या वस्तीत अजून तुमचा शब्द चालतो. तुम्ही फोनवर दोन मिनिटांचा आवाज भरून वस्तीच्या ग्रुपवर टाकला, की नरसिंगराव आपल्यातलेच समजा, तर बरं होईल. (आणि आता ते तसं काही खोटंही राहिलेलं नाही.) नऊ वर्षं झाली पोरीला. तुम्ही मला कधी काही मागू दिलं नाही, हे एवढं मागतो.

ता. क. दुसरा – वरचं लिहून झाल्यावर मी कप आईच्या हातात दिला, काही न सांगता. तिनं कडेवरून अंगठा फिरवला, टवक्यावर थांबली आणि म्हणाली, ‘ह्यो तुझ्या बापाचा कप हाय.’ मी म्हटलं, दाजींनी तर पाचही फोडले होते. ती म्हणाली, चार फोडले. पाचवा तुम्ही फोडाफोडीत असताना बाबांनी धोतराच्या सोग्यात लपवला. रात्रभर घरात उशाशी ठेवला आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाताना स्वतःच्या हातानं परत खिळ्याला अडकवला. दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबायचं तर सकाळी चहा लागायचाच, आणि चहा तिथंच मिळायचा. तुम्हाला हे कळू नये म्हणून ते मरेपर्यंत गप्प राहिले, आणि त्यांच्यानंतर ती. आता डोळे नाहीत, कुणाचं तोंड बघून लाजायचं कारण उरलं नाही, म्हणून सांगितलं म्हणे. मला हे तुमच्यापासून लपवायचं होतं. पण या घरात लपवलेल्याचं पुढं काय होतं ते मी पाहिलं आहे.

ता. क. तिसरा, रविवारी सकाळी – आवाज पाठवू नका. पहिला ता. क. खोडायला गेलो होतो, पण अक्षर इतकं चांगलं आलं आहे की खोडवेना. ऑर्डर अजून पायरीवर दगडाखाली आहे. संध्या म्हणते, हातात दिली तर घेईन, नाही तर नको. मी समजावायला गेलो तर ती माझ्याकडे बघत नव्हती, किटलीकडे बघत होती. म्हणाली, ‘बाबा, वतताना तुमचा हात जराबी हलला न्हाई.’ त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

मी काल दोनदा कप फोडायला उचलला. पहिल्यांदा वर धरला आणि मनात आलं, बाबांना रानात शिव्या देणाऱ्या त्या माणसाचा मुलगा अजून आहे, त्याला एकदा यातून पाजू आणि मग फोडू. परत अडकवला. दुसऱ्यांदा उचलला तर आणखी दोघं आठवले. मग विसरू नये म्हणून कागद घेतला. आज सकाळी मोजलं तर यादीत अकरा नावं आहेत, क्रमानं, कुणाला आधी, कुणाला नंतर, आणि अक्षर मोत्यासारखं आहे. चौथं नाव तुमचं आहे, दाजी. नव्वद सालचा मांडव, माझ्या हातातला पेढा, तुमच्या खिशाचं निळं पेन. ते नाव मी कधी लिहिलं मला आठवत नाही.

गुडघा कसाही असो, तुम्ही या. राहिलेला एक कप तुमचाच आहे, तो तुम्हीच फोडा, आत येण्याआधी, दारातच. आणि त्या आधी मी आक्काची किटली घेऊन हसत बाहेर आलो, तर माझ्या हातचा चहा घेऊ नका.